मोराची मागची बाजू

५ जुलै, शनिवार. सकाळ.

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा व्यवस्थित पार पडलं. त्यासाठी त्या आणि सासरे धारवाडहून आमच्याकडे बेंगळुरूला आलेत. डॉक्टरांनी बजावलंय: महिनाभर वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, शिवण-भरतकाम बंद. बाकी सगळ्याला सासूबाई 'सरी, सरी', म्हणजे कन्नडमध्ये 'बरं, बरं', म्हणाल्या. भरतकामाशी येऊन गप्प झाल्या.

कारण असं की माझ्या बायकोची, सुलभाची, धाकटी बहीण भार्गवी ऑगस्टमध्ये बाळंत व्हायची आहे, धारवाडला, आईच्याच घरी. बाळाच्या पाळण्यामागे लावायला सासूबाईंनी मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचचा मोर घेतलाय. तुरा, चोच आणि मान झाली. पिसारा सगळा बाकी. आजवर प्रत्येक नातवंडाला असा एक मिळाला. ह्यालाच नसेल तर कसं, असं त्या बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी चहा नको म्हणाल्या. त्यांच्या बाबतीत हे लक्षण गंभीर.

म्हणून आज नाश्त्याला मी जाहीर केलं की मोर मी पूर्ण करतो. शांतता पसरली. कौतुकाची असावी. सुलभाने विचारलं, तू शेवटचं काय पूर्ण केलं होतंस. अशा प्रश्नांना उत्तर अपेक्षित नसतं.

मला भरतकाम येत नाही, मान्य. पण चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत एक फुली मारायची आहे. म्हणजे एक्सेल. त्यात माझी हयात गेली.

प्रगतीची नोंद राहावी म्हणून ही रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही.

६ जुलै, रविवार

इथल्या शिवाजीनगरला जाऊन सामान आणलं. भरतकामाची रिंग (लहान, मध्यम, मोठी), भिंग लावलेला डोक्याचा दिवा, सुया अडकवायचं चुंबक, बगळ्याच्या आकाराची कात्री, अंगठ्याला घालायचं रबरी टोपण. दुकानदार म्हणाला, स्वल्प कमी घ्या सर, सुरुवात आहे. मी म्हटलं, सेटअप चांगला असला की काम आपोआप होतं.

घरी आल्यावर लक्षात आलं, हिरव्या दोऱ्याची लडी राहिली. मोर बहुतांशी हिरवा आहे.

८ जुलै, मंगळवार

हिरवा ऑनलाइन मागवला. आज पहिला टाका. मागे छान घट्ट गाठ मारून सुरुवात केली.

सासूबाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. कापड हातात घेतलं, उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं. पुढची बाजू पाहिलीच नाही. मग हळूच विचारलं, गाठ काढता येईल का. मी म्हटलं, गाठ नाही मारली तर दोरा निघून येईल. त्या म्हणाल्या, त्यांच्या आईने त्यांना आधी कसूती, म्हणजे धारवाडकडचा कशिदा, शिकवला. त्यात पुढची आणि मागची बाजू हुबेहूब सारखी असते, गाठ कुठेच नसते. मुलगी बघायला आलेले लोक तिचं भरतकाम उलटं करून बघायचे, मग मुलीकडे बघायचे.

ऐकायला रंजक आहे. पण तेव्हा क्लायंट वेगळे होते.

९ जुलै, बुधवार

गाठी मॅटीच्या भोकांतून पुढे येतात असं दिसतं. उपाय: मोठ्या गाठी.

१० जुलै, गुरुवार

मोठ्या गाठींमुळे पिसाऱ्याला पुरळ उठल्यासारखं दिसतंय. सासूबाईंनी मागून बोट फिरवलं आणि विचारलं, कापडावर साखर सांडली होती का.

टीका मी सकारात्मक घेतो. मुळात प्रॉब्लेम काय आहे? दोरा सुरू करणे आणि दोरा संपवणे. मधलं सगळं सोपं आहे. म्हणजे सुरुवाती आणि शेवट कमी करा. अख्खा पिसारा एकाच दोऱ्यात केला तर एकच सुरुवात आणि एकच शेवट. इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचू नये याचं आश्चर्य वाटतं.

१२ जुलै, शनिवार

एकच दोरा घेतला. तो हॉलमधून गॅलरीपर्यंत गेला. प्रत्येक टाक्याला मला गॅलरीपर्यंत जाऊन यावं लागत होतं, म्हणजे व्यायामही झाला. तिथे आप्पाजी, म्हणजे सासरे, पेपर वाचत बसले होते. पोस्टमास्तर म्हणून रिटायर झाल्यापासून ते दिवसभर तेच करतात. दोरा त्यांच्या खुर्चीच्या पायाभोवती, मग चष्म्याच्या दांडीभोवती, मग त्यांच्याभोवती गेला. पान उलटायला हात निघेना तेव्हा एवढंच म्हणाले की मकरंदराव, जरा सुलभाला बोलावता का.

सासूबाईंचं म्हणणं, दोरा बोटापासून कोपरापर्यंतच घ्यावा. लांब दोरा आळशाचा. मी आळशी असतो तर गॅलरीपर्यंत गेलो असतो का.

१३ जुलै, रविवार. दुपार.

मोठा शोध. व्हिडिओत एक बाई गाठीशिवाय सुरुवात करते. एकच पदर घ्यायचा, दुमडायचा, दोन्ही टोकं सुईत ओवायची. मागे फास राहतो. पहिला टाका घालून सुई मागे आली की त्या फासातून काढायची आणि ओढायची. दोरा आपोआप अडकतो, गाठ नाही, शेपटी नाही. संपवताना सुई मागच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवायची आणि उरलेला दोरा कापायचा. झालं.

सासूबाईंना उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाल्या, अस्संच करतात.

मला जमलं. म्हणजे फास दर वेळी निसटून दोरा सगळाच्या सगळा पुढे आला, पण तत्त्व जमलं.

१३ जुलै. संध्याकाळ.

नवी पद्धत आल्यावर जुना कचरा ठेवण्यात अर्थ नव्हता. कापड उलटं केलं, दिवा डोक्याला लावला आणि मागची सगळी लोंबणारी टोकं बगळ्याच्या कात्रीने मुळापासून साफ केली. माझ्या गाठी तर उडवल्याच, सासूबाईंची छोटी छोटी टोकंही काढली. मागची बाजू एकदम क्लीन.

नंतर कापड रिंगमध्ये ताणलं तेव्हा मोराच्या मानेतले निळे टाके एकामागोमाग एक सुटायला लागले. बोटाने दाबून धरले तर शेजारचे सुटले.

ही मान सासूबाईंनी ऑपरेशनच्या आधी, डोळ्याला नीट दिसत नसताना, खिडकीत बसून केलेली. कापड घडी करून भरतकामाच्या टोपलीत तळाशी ठेवलं. जेवताना सासूबाईंनी विचारलं, मोर कसा आहे. मी म्हटलं, मजेत आहे.

१५ जुलै, मंगळवार

ऑफिसला गेलो होतो. दिवसभर मीटिंगमध्ये मोराची मान दिसत होती. येताना रिंग रोडवर ट्रॅफिकमध्ये कबुलीजबाबाची तालीम केली, इंग्रजी आणि मराठी दोन्ही.

घरी आलो, टोपलीतून कापड काढलं, तर मान पूर्ववत. एकेक टाका जागेवर. मागची बाजूसुद्धा नीट.

दोन शक्यता. एक, दमट हवेने दोरा फुगून आपल्या जागी बसला. दोन, नुकसान मला वाटलं तेवढं झालंच नव्हतं, कारण मी स्वतःकडे फार कडक नजरेने बघतो. दुसरी जास्त पटते.

कबुलीजबाब रद्द.

१८ जुलै, शुक्रवार

प्रगती थक्क करणारी. सकाळी ऑफिसला जायच्या आधी जेमतेम ओळभर टाके घालतो. संध्याकाळी बघतो तर पिसाऱ्याचे दोन-दोन डोळे भरलेले. इतकं काम मी केव्हा केलं ते आठवत नाही. यालाच फ्लो म्हणतात. माणूस कामात हरवतो, वेळेचं भान राहत नाही. यावर पुस्तकं आहेत.

शिवाय माझी क्वालिटी दिवसा सुधारते. सकाळी घातलेले टाके मला स्वतःलाच किंचित वाकडे वाटतात. संध्याकाळी तेच सरळ दिसतात. नजर तयार होतेय.

२२ जुलै, मंगळवार

आप्पाजींना खोकला झालाय. विचित्र आहे. एरवी ठणठणीत असतात. मी लिफ्टमधून बाहेर पडलो आणि दाराशी चपला काढायला लागलो की आतून जोरजोरात खोकला येतो. मी आत गेलो की थांबतो. आज लवकर आलो तर फारच खोकले. आतल्या खोलीत काहीतरी धावपळ ऐकू आली. पाणी आणायला उठल्या असतील सासूबाई. बिचाऱ्या, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि नवऱ्याची सेवा चुकत नाही.

आप्पाजींना म्हटलं, कॉरिडॉरच्या धुळीची ॲलर्जी असणार. ते म्हणाले, असेल.

२४ जुलै, गुरुवार

आमच्या महादेवपुऱ्याच्या ऑफिसात वेलनेस वीक आहे. एचआरच्या मंजुनाथला डेस्कवर मोराचा फोटो दाखवला. पुढच्या बाजूचा, आणि मुद्दाम मागच्या बाजूचाही. तो बघतच राहिला. म्हणाला, सर, एक ऑगस्टला सेशन घ्या, सुई-दोरा आणि मन:शांती असं काहीतरी. मी आढेवेढे घेतले, पण विषय सुचवला: दोरा सुरू कसा करावा आणि संपवावा कसा. याच दोन जागी लोक फसतात.

सुलभाला सांगितलं. तिने विचारलं, लोकांसमोर करून दाखवणार? मी म्हटलं, अर्थात. ती स्वयंपाकघरात गेली. तिथे आईशी बराच वेळ कन्नडमध्ये काहीतरी बोलत होती. मला 'बेडा, बेडा' एवढंच कळलं. नको, नको. कांदा नको असेल.

२६ जुलै, शनिवार

आप्पाजींना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. खोकला केव्हा येतो, विचारलं. आप्पाजी माझ्याकडे बघून म्हणाले, हे आले की येतो.

डॉक्टरांनी मलाच परफ्यूम बदलायला सांगितला.

२९ जुलै, मंगळवार

सासूबाईंचा डोळा थोडा लाल दिसतोय. मी लगेच मूळ कारण शोधलं: टीव्ही. रिमोट लपवून ठेवला. त्यांना म्हटलं, आई, डोळ्याला विश्रांती द्या, मोराची काळजी करू नका, तो माझ्यावर सोपवलाय ना. त्या म्हणाल्या, हो मकरंदराव. आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

थेंब घालायचं सुलभाकडे आहे. सकाळ-रात्र ती घालते, दुपारचे त्यांचे त्या घालतात.

पिसाऱ्याची एकच कड उरली आहे. ती मी लोकांसमोर पूर्ण करेन. नाट्यमय शेवट होईल.

१ ऑगस्ट, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

सेशनला कॅफेटेरियात बरीच गर्दी होती. मी आधी मोराची मागची बाजू दाखवली. कुजबूज झाली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने फोटो काढला. मी सांगितलं, माणसाची परीक्षा मागच्या बाजूने होते. टाळ्या पडल्या. इथे थांबायला हवं होतं.

मग खुर्चीवर बसलो, रिंग मांडीवर ठेवली आणि फासाची सुरुवात दाखवली. आश्चर्य म्हणजे फास पहिल्याच झटक्यात अडकला, घट्ट. भराभर टाके घातले. इतका विश्वास मला स्वतःबद्दल क्वचितच वाटला असेल. शेवटही दाखवला, सुई मागे चार-पाच टाक्यांखालून सरकवली. जरा जड गेली, पण गेली.

तेवढ्यात सुलभाचा फोन. आईचा डोळा खूप दुखतोय, लालभडक झालाय, समोरचं धूसर दिसतंय, आम्ही दवाखान्यात चाललोय. मी ताडकन उभा राहिलो. मोर माझ्याबरोबर उभा राहिला. मी त्याला पँटला शिवला होता, गुडघ्याच्या जरा वर.

मंजुनाथ म्हणाला, सर, कात्री. पण कात्री लावायचा धीर होईना. एकदा ती मान सुटताना पाहिली होती. तसाच निघालो. ऑटोत मोर मांडीवर पसरून बसलो. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि विचारलं, पूजा आहे का सर.

दवाखान्यात डोळ्यांच्या ओपीडीत तिघं बसली होती. मला बघून आप्पाजी खोकले. सवयीने असेल. मग स्वतःच थांबले आणि कपाळाला हात लावला.

डॉक्टरीण बाई विचारत होत्या, बारीक काम केलं का, थेंब चुकले का. आप्पाजींनी सांगून टाकलं. रोज दुपारी मी ऑफिसात असताना सासूबाई खिडकीत बसून माझे टाके उसवायच्या आणि पुन्हा घालायच्या. आप्पाजी गॅलरीतून गेटवर लक्ष ठेवायचे आणि मी दाराशी आलो की खोकायचे. दुपारचे थेंब घातले की तासभर धूसर दिसतं आणि काम होत नाही, म्हणून थेंब बेसिनमध्ये जायचे. हे थेंबांचं सुलभालाही माहीत नव्हतं. बाकीचं माहीत होतं.

म्हणजे मान दमट हवेने बसली नव्हती.

डॉक्टरीण बाईंनी आतून तपासलं. आत सूज आहे, पण वेळेत आलात, थेंब वाढवून देते, उतरेल. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, घरात कुणी यांना थांबवायला नव्हतं का. मी तिथे मोरासकट उभा होतो.

सासूबाईंनी मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, मकरंदराव, राग मानू नका, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. डोळा त्यांचा सुजलेला आणि वाईट मला वाटू नये याची काळजी त्यांना. बोलण्यासारखं इंग्रजीतही काही नव्हतं, मराठीतही नव्हतं.

मग सुलभा नर्सकडून कात्री घेऊन आली. सासूबाई हाताने चाचपून सांगत होत्या: टोक मोठं ठेव, मोराचा दोरा ओढू नकोस, पँट कापली तरी चालेल. पँटमध्ये मी होतो.

२ ऑगस्ट, शनिवार

माझ्या बाजूने काही मुद्दे लिहावेत असं सकाळपासून वाटतंय. हेतू चांगला होता. मला कुणी सांगितलं नाही. थेंबांचं मला माहीत असतं तर.

लिहून बघितले. फासातून दोरा निसटावा तसे निघून येतात.

दुपारचे थेंब आता मी घालतो. त्यासाठी दुपारी घरी राहायची परवानगी घेतलीय. मला वाटलं होतं थेंबांचा कलर-कोडेड चार्ट करावा. आप्पाजी म्हणाले, चार्ट नको, थेंब घाला.

९ ऑगस्ट, शनिवार

सूज उतरली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, नजर चांगली येईल. सासूबाईंनी विचारलं, सुई कधी धरू. त्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यापासून, अगदी थोडा वेळ, थेंब चुकवले तर मात्र नाही. सासूबाई लहान मुलीसारख्या मान डोलावत होत्या. नंतर ऑटोत माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, खिडकीतली झाडं वेगवेगळी दिसतात आता, आधी नुसता हिरवा होता.

मी ऑटोबाहेर बघत बसलो. सुलभाने विचारलं, काय झालं. म्हटलं, धूळ.

१३ ऑगस्ट, बुधवार

काल भार्गवीला मुलगी झाली. नवरा आणि सासरची मंडळी जवळच होती, दोघी सुखरूप. सासूबाई आणि आप्पाजी आज धारवाडला गेले. मोर पिशवीत घालून नेला. उरलेली कड तिथे करतील. मी स्टेशनवर विचारलं, काही मदत लागली तर. दोघंही एकदमच म्हणाले, नको.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल धारवाडला बारसं झालं. आज सकाळच्या गाडीने परत.

मोर पाळण्यामागे लावला होता. आलेल्या बायकांनी तो खाली उतरवला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा लावला. एक आजीबाई तर फक्त मागची बाजू बघून पुढे जेवायला गेल्या. मी जवळच उभा होतो. कुणी विचारलं असतं तर सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

पाहुणे पांगल्यावर सासूबाईंना मी विचारलं, यातले माझे टाके कुठले. बराच वेळ शोधत होतो, सापडत नव्हते. त्या खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, तुमचा एकही ठेवला नाही, मकरंदराव. ठेवण्यासारखा असता तर ठेवला असता.

मग म्हणाल्या की ऑपरेशननंतर त्यांना भीती बसली होती. डोळ्याचं निमित्त करून भरतकाम कायमचं बंद करणार होत्या, दोरेसुद्धा कुणाला तरी देऊन टाकायचं ठरवलं होतं. पण मी गाठ मारली आणि ती बोटाला लागली. रात्रंदिवस ती गाठच डोक्यात. म्हणाल्या, त्या गाठीचे टाके उसवायला म्हणून सुई हातात घेतली, मग सुटली नाही.

मी म्हटलं, म्हणजे एका अर्थी हा मोर माझ्यामुळेच पूर्ण झाला.

त्या हसल्या. म्हणाल्या, एका अर्थी डोळाही तुमच्यामुळेच सुजला.

परत येताना गाडीत सुलभाने विचारलं, आता पुढे काय करणार आहेस. मी तुमकुरूपर्यंत, म्हणजे बेंगळुरू जवळ येईपर्यंत, विचार केला. मग म्हटलं, सध्या काहीच नाही.

'सरी,' ती म्हणाली. लग्न झाल्यापासून माझा एखादा प्लॅन तिने एका दमात मंजूर केल्याची ही पहिलीच वेळ.